सावलीतील अंगणासाठी झुडपांची निवड
सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे उत्तर उतारावर, देवदारांच्या छायेतील शाळेच्या अंगणात गुलाबासारखी ऊनप्रिय झाडे नीट वाढत नाहीत. जमीन उघडी राहून पावसात माती वाहून जाते. अशा जागी स्थानिक वनातील बुटकी, सदाहरित झुडपे निवडणे इष्ट होय. सार्कोकोका सॅलिग्ना हे साधारण कमरेइतके वाढणारे झुडूप दाट छाया सहन करते. स्किमिया लॉरिओलाही वृक्षांखालीच वाढते. रोपे पावसाळ्याच्या प्रारंभी लावून मुळांशी पाचोळा पसरावा. छपरावरील बर्फ घसरून पडतो ती जागा टाळावी. डॅफ्नीची फळे विषारी असल्याने ती शाळेत लावू नये. इतर झुडपांची फळेही खाऊ नयेत, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे.