फळीची टोकं बघून घे

बाळ, पुण्याच्या नव्या घरात परदेशी लाकडाची जमीन करायची म्हणतेस, तर जरूर कर. नीट बसलेली लाकडी जमीन तुझ्या नातवंडांनाही पुरेल. फक्त रंग सगळ्यात शेवटी ठरव. आधी हे लाकूड किती हलतं, म्हणजे किती फुगतं-आकसतं, ते विचार.

दुकानदार तुला कठीणपणा सांगेल. पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, त्यावरून तो मोजतात. जांका कसोटी म्हणतात तिला. सागवान १००० पौंडांच्या आसपास, ब्राझीलचा जटोबा २३५०, आयपे ३५०० च्या वर. आकडे खरे आहेत. पण आपण चपला दाराबाहेर काढणारी माणसं. आपल्याकडे जमीन झिजून जात नाही, ओलाव्याने बिघडते.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हवेत ३० टक्के आर्द्रता असली की ते ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. ८० टक्के झाली की १६ च्या जवळ जातं. पुण्याचा एप्रिल आणि पुण्याचा जुलै म्हणजे हीच दोन टोकं. फळीतला ओलावा नुसता ६ टक्क्यांनी वाढला, तर ५ इंची जटोबाची फळी २ मिलिमीटरहून जास्त फुगते. सागवान दीडच्या आत राहतं. खोलीभर तीस-चाळीस फळ्या असतात, म्हणजे बेरीज किती होते बघ. म्हणून फळी अरुंद घे, ३ इंचांची पुरे.

तुझे आजोबा वखारीत गिऱ्हाईकाला सांगायचे, फळीचा चेहरा बघू नका, टोकं बघा. टोकावर वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसल्या तर ती फळी आडव्या वलयांच्या फळीच्या जवळपास निम्मीच हलते. वर कोरलेल्या डोंगरासारखी सुंदर नक्षी दिसते ना, ती बहुधा आडव्या वलयांची फळी असते. शोभेच्या कपाटाला ती लाव, जमिनीला उभ्या वलयांची निवडून घे. निवडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. सागवानात सालीलगतचं पांढरट लाकूडही नाकार. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पांढऱ्या भागाला लागते.

नावांवर जाऊ नकोस. ब्राझिलियन चेरी म्हणून विकतात तो जटोबाच, आणि चेरीशी त्याचा संबंध नाही. तो शेंगांचा वृक्ष आहे, आपल्या चिंचेच्या कुळातला. ब्राझिलियन टीक म्हणजे कुमारू, ब्राझिलियन वॉलनट म्हणजे आयपे. बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घे. आयपे आणि कुमारू २५ नोव्हेंबर २०२४ पासून धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यांना निर्यात परवाना लागतो. आयपेची झाडं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात विखुरलेली असतात, एका झाडासाठी वाट पाडत जावं लागतं. कागद दाखवता येत नसतील तर ते लाकूड घरात आणूच नकोस, हे मी कळकळीने सांगतो. बर्मा टीकबद्दलही विचार. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात २०१४ मध्येच बंद केली.

माझं मत विचारशील तर पुण्याच्या हवेला सागवान. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या बांधकामातलं सागवान चौकशी केली तर मिळतं. खिळे काढून, किडीची भोकं तपासून कापून घ्यावं लागतं, पण मुरलेलं असतं. जटोबाच्या रंगावर मन जडलंच असेल तर भरीव फळी नको. प्लायच्या थरांवर ४ मिलिमीटर जटोबा चिकटवलेली इंजिनिअर्ड फळी घे. ती कमी हलते. दाबलेल्या भुशाच्या पाट्यावरचं लॅमिनेट मात्र वेगळी वस्तू आहे, त्याला लाकडाचे पैसे मोजू नकोस.

आता बसवण्याचं. कोकणातल्या जुन्या घरांत माळ्याच्या फळ्यांना वरून-खालून वारा लागायचा, दोन्ही बाजू सारख्या सुकायच्या. तुझ्या घरात खाली स्लॅब आणि त्यावर कोबा. नवा कोबा इंचाला साधारण महिना घेतो सुकायला. दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला बंद करून रात्रभर ठेव. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपटला तर थांब. मिस्त्री घाई करेल, ऐकू नकोस. मग ६ फुटांची सरळ पट्टी फिरवून बघ, खाली ३ मिलिमीटरहून मोठी फट दिसली तर आधी जमीन सपाट करून घे.

परदेशी फळ्या भट्टीत सुकवून ६ ते ९ टक्क्यांवर येतात. पीओपी, रंग, नळकाम सगळं संपल्यावर त्या खोलीत उघडून, मध्ये रिपा घालून रचून ठेव. दिवस मोजू नकोस, लाकडातला ओलावा मोजणारं मीटर लावत राहा. आकडा बदलायचा थांबला की लाकूड तयार. काम दिवाळीनंतर काढ. भर उन्हाळ्यात बसवलेली जमीन जुलैत फुगून उचलली जाते, पावसाळ्यात बसवलेली मार्चमध्ये फटी दाखवते.

भिंतीलगत चारी बाजूंनी १२ मिलिमीटर जागा मोकळी हवी. ती सिमेंटने किंवा पीओपीने भरू देऊ नकोस. वर स्कर्टिंग येईल, ते भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही. कठीण लाकडाला आधी भोक पाडून मग खिळा. सागवान तेलकट असतं, गोंद लावण्याआधी थिनरने पुसून घ्यायला सांग.

पहिल्या पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर येऊन मध्यभाग खोलगट झाला तर लगेच घासून सपाट करायला कुणी सांगेल. अजिबात करू नकोस. खालून ओल कुठून येते ते शोध आणि सुकू दे. तेव्हाच घासलीस तर उन्हाळ्यात मधला भाग उंच होऊन बसेल. जटोबा उजेडाने गडद होतो, म्हणून पहिले काही महिने गालिचा पसरू नकोस, नाहीतर खाली फिका चौकोन राहील. पुसायला येणाऱ्या मावशींना बादली या खोल्यांत आणू नका म्हणून सांग, घट्ट पिळलेलं फडकं पुरे. स्वयंपाकघर, मोरी आणि बाल्कनीचा उंबरा, इथे फरशीच ठेव.

दहा-बारा फळ्या जादा घे आणि माळ्यावर सपाट रचून ठेव. तीच खेप पुन्हा मिळत नाही. खरेदीला जाशील त्या दिवशी मला आधी फोन कर, मीटर घेऊन मी येतो.