आधी मार्गदर्शक, मग अर्ज

प्रश्न : रसायनशास्त्रात नुकतीच पीएच.डी. झाली. मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी युरोपातल्या विद्यापीठातून अर्ज करायचा आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मार्गदर्शक शोधण्यापासून. पैसा युरोपीय संघाचा असला, तरी अर्ज यजमान विद्यापीठाच्या साथीनेच भरावा लागतो. अंतिम मुदत साधारण सप्टेंबरात असते. पण अनेक विभाग आपले उमेदवार काही महिने आधीच ठरवून टाकतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच ई-मेल पाठवा. ‘आपल्या गटात काम करायची इच्छा आहे’ एवढ्यावर कोणी उत्तर देत नाही. प्राध्यापकांचा अलीकडचा एक शोधनिबंध नीट वाचा. त्यातला कोणता प्रश्न तुमच्या पद्धतीने पुढे नेता येईल, ते चार ओळींत मांडा. सोबत सीव्ही आणि एका पानाचा आराखडा जोडा.

भारतीयांना ही फेलोशिप खुली आहे. मात्र मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान विद्यापीठाच्या देशात १२ महिन्यांहून जास्त वास्तव्य झालेलं नसावं. मूल्यांकनात संशोधनाच्या दर्जाला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन असतं. आपली हुशार मुलं पहिल्या भागात जीव ओततात आणि कामाचं वेळापत्रक घाईत उरकतात, याचं फार वाईट वाटतं. यजमान विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाला मसुदा वेळेत दाखवा. अजिबात संकोच करू नका.