सांडपाणी, सूर्यप्रकाश व शेवाळ

सांडपाणी म्हटले म्हणजे आपण नाकाला पदर लावितो, आणि ते आपल्या दारापासून दूर कसे जाईल एवढेच पाहतो. पुढे ते कोठे जाते ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बहुधा ते ओढ्याला मिळते. आणि त्याच ओढ्याचे पाणी खालच्या वस्तीतील मुले प्याली, म्हणजे हगवण व पटकी त्यांच्या घरात शिरतात. ह्यास्तव मैलापाण्याचे काय करावे हा प्रश्न केवळ शहरवाल्यांचा नव्हे, तो आपलाही आहे. ह्या पाठात आम्ही कोलकाता शहराच्या पूर्वेकडील तळ्यांची हकिगत सांगणार आहोत. तेथे एका मोठ्या शहराचे पुष्कळसे मैलापाणी ऊन व शेवाळ ह्यांच्या योगे शुद्ध होते, आणि त्यातूनच मासळी व भात निघतो.

१. ही तळी कशी झाली?

कोलकात्याच्या पश्चिमेस हुगळी नदी आहे, तरी जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे. म्हणून शहराचे सांडपाणी कालव्यांनी पूर्वेकडे नेऊन विद्याधरी नदीत सोडीत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ती नदी गाळाने भरून मृतवत् झाली. भरतीचे खारे पाणी येईनासे झाले, आणि त्यातील मासळीवर ज्यांचे पोट चाले ते अडचणीत आले. तेव्हा सन १९३० च्या सुमारास तेथील लोकांनी शहराचे सांडपाणीच बेताबेताने तळ्यांत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढविण्यास आरंभ केला. ह्या तळ्यांस तेथे ‘भेरी’ म्हणतात.

पुढे सन १९८० नंतर ध्रुवज्योति घोष नावाच्या सरकारी इंजिनियरांनी ह्या कामाचा बारकाईने अभ्यास केला, आणि कोळी व शेतकरी ह्यांचे हे ज्ञान जगापुढे मांडिले. सन २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरांच्या ह्या प्रदेशाची रामसर करारातील पाणथळ भूमींच्या यादीत नोंद झाली.

२. शुद्धी कशी होते?

मैल्यातील घाण सूक्ष्मजंतु खातात व तिचे विघटन करितात. परंतु ह्या कामी त्यांस प्राणवायु लागतो. तो संपला की पाणी काळे पडून दुर्गंधी सुटते. आता तळे उथळ असले व त्यावर ऊन पडले, तर पाण्यात डोळ्यांस न दिसणारे बारीक शेवाळ वाढते. जंतूंनी सोडलेला कर्बाम्ल वायु, तसेच मैल्यातील नत्र व स्फुरद घेऊन ते पोसते, आणि उन्हात प्राणवायु बाहेर टाकिते. तो प्राणवायु पुन्हा जंतूंच्या उपयोगी पडतो. ह्याप्रमाणे एकाची टाकाऊ वस्तु ती दुसऱ्याची शिदोरी होते. शेवाळ वाढले म्हणजे मासे ते खातात. रोगजंतूही ऊन व काळ ह्यांच्या योगे पुष्कळ मरतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओस्वाल्ड व गोटास ह्यांनी सन १९५७ मध्ये ह्याच क्रियेचे शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले.

३. कामाचा क्रम

क्रम मोडला की काम बिघडते. हिवाळ्यात तळे सुकवून गाळ काढितात, तळ नांगरितात व चुना टाकितात. मग सांडपाणी आत घेऊन ते हिरवे होईपर्यंत तसेच राहू देतात. प्रथम थोडे मासे सोडून पाहतात. ते जगले तरच रोहू, कटला, मृगळ इत्यादिकांची पिल्ले सोडितात. पुढे नवे सांडपाणी थोडे थोडेच घेतात. कारण रात्री ऊन नसता शेवाळही प्राणवायु खर्च करिते, आणि भार अधिक झाला तर पहाटे मासे गुदमरून मरतात. काठाने जलपर्णी राखितात, तेणेकरून लाटांनी बांध झिजत नाही. तळ्यांतून निघालेले पाणी भातशेतीस जाते.

४. दोन धोके

पहिला धोका विषाचा. शेवाळ मैला पचविते, परंतु कारखान्यांतील क्रोमियम, शिसे ह्यांसारख्या धातूंचा नाश करू शकत नाही. ते गाळात व माशांत साचतात. म्हणून कारखान्याचे पाणी निराळे ठेविलेच पाहिजे. दुसरा धोका लोभाचा. शहर वाढते तशी तळी बुजवून इमारती बांधण्याचा मोह होतो. सन १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अशा बुजवण्यास मनाई केली, व सन २००६ मध्ये रक्षणाचा कायदा झाला. तरी हा मोह अद्याप सरला नाही. तळे बुजविले म्हणजे कोळ्याची भाकरी जाते, आणि शहराची घाण मात्र आहे तशीच राहते.

५. आपण काय घ्यावे?

वाचकहो, हे ऐकून कोणी घरामागे खड्डा खणून त्यात मैला सोडू नये. ज्यावर देखरेख नाही ते तळे नव्हे, ते डबके होय. त्यात डास होतात, आणि झिरपून विहीर नासते. आपल्याजोगे काम लहान आहे. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी रस्त्यावर न सोडता केळी व अळू ह्यांस द्यावे. मैल्याचा खड्डा विहिरीपासून दूर ठेवावा. कच्च्या खाण्याच्या भाजीस मैलापाणी कधीही घालू नये. पाण्याला जागा, ऊन व वेळ दिला तर ते पुन्हा उपयोगी पडते. घाईने ढकलून दिले तर ते कोणाच्या तरी घरी रोग होऊन जाते.

वर्गासाठी प्रश्न

(१) शेवाळ व सूक्ष्मजंतु एकमेकांस काय देतात?
(२) पहाटे मासे का मरतात?
(३) आपल्या वस्तीचे सांडपाणी कोठे जाते? स्वतः चालत जाऊन पाहा, आणि पुढच्या आठवड्यात वर्गात सांगा.