पित्ताशयातील पॉलिप : धोका किती, हे कसे ठरते?



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खते आणि पाणी यांविषयी बोलतो. या वेळी विषय निराळा आहे. गटात फिरताना हल्ली सभासद सोनोग्राफीचा कागद पुढे करतात आणि विचारतात, "साहेब, पित्ताच्या पिशवीत पॉलिप निघालाय. म्हणजे कॅन्सरच का?" कोणी भिऊन लगेच ऑपरेशनच्या पैशाची तजवीज करू लागतो, तर कोणी कागद पेटीत टाकून विसरून जातो. दोन्हींत नुकसान आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. पण तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या नियमांतून जे समजले ते सोप्या भाषेत मांडत आहोत.

पॉलिप म्हणजे काय?

पित्ताशय ही यकृताखालची लहान पिशवी. तिच्या आतल्या भिंतीवर जो फुगवटा येतो त्यास पॉलिप म्हणतात. खडा आणि पॉलिप एक नव्हे. कूस बदलली की खडा सहसा सरकतो. पॉलिप भिंतीला चिकटून जागेवरच राहतो. बहुतेक पॉलिप म्हणजे भिंतीत साठलेले कोलेस्टेरॉल असते, आणि त्याचा कॅन्सर होत नाही. थोडे पॉलिप मात्र खऱ्या वाढीचे असतात, आणि चिंता त्यांचीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सहा लाखांहून अधिक लोकांच्या सोनोग्राफीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पॉलिप असलेले सुमारे ३६ हजार निघाले, आणि त्यांपैकी १९ जणांना पित्ताशयाचा कॅन्सर आढळला. पॉलिप नसलेल्यांतही प्रमाण जवळपास तेवढेच होते. तेव्हा नुसता 'पॉलिप' हा शब्द वाचून हाय खाऊ नये.

धोका कशावरून ठरवतात?

ऊस तोडणीस आला की नाही हे आपण एका कांड्याच्या ब्रिक्सवरून ठरवीत नाही. जात कोणती, लागण कधीची, शेंड्याचा ब्रिक्स किती, बुडख्याचा किती, हे सगळे मिळून पाहतो. इथेही तसेच आहे. डॉक्टर मुख्यतः पुढील गोष्टी पाहतात :

१) आकार : १० मि.मी. किंवा अधिक असेल तर धोका वाढतो.
२) ठेवण : बारीक देठावर लोंबणारा पॉलिप कमी धोक्याचा. भिंतीवर बसका असलेला, किंवा त्या जागी भिंत ४ मि.मी.पेक्षा जाड झालेली, अधिक धोक्याची.
३) वय : ६० वर्षांच्या पुढे जास्त जपावे.
४) वाढ : मागच्या तपासणीपेक्षा वाढला का?
५) इतर आजार : पित्तनलिका सुजून आकसत जाण्याचा एक जुनाट विकार असेल तर धोका अधिक.

युरोपातील तज्ज्ञ संस्थांनी २०१७ साली नियम केले व २०२२ साली ते सुधारले. त्यांनुसार १० मि.मी. किंवा मोठा पॉलिप असून प्रकृती ऑपरेशन सोसणारी असेल, तर पित्ताशय काढावे. ६ ते ९ मि.मी. असून धोक्याची एखादी बाब असेल तरीही काढावे. ५ मि.मी. किंवा लहान असून अशी बाब असेल, तर सहा महिन्यांनी, एक वर्षाने व दोन वर्षांनी सोनोग्राफी करावी. दोन वर्षांत वाढला नाही तर तपासणी थांबवावी. या नियमांत आशियाई वंश हीसुद्धा धोक्याची बाब धरली आहे, म्हणजे आपण सगळे त्यात आलो.

दोन डॉक्टर, दोन मते का?

अमेरिकेतील रेडिओलॉजी तज्ज्ञांनीही २०२२ साली नियम केले. ते ठेवणीवर जास्त भर देतात. बारीक देठाचा पॉलिप ९ मि.मी.पर्यंत असेल तर पुन्हा तपासणीचीही गरज नाही, असे ते म्हणतात. म्हणून ७ मि.मी.च्या एकाच पॉलिपसाठी एक डॉक्टर "काढा" म्हणतो आणि दुसरा "राहू द्या" म्हणतो. यात कोणी फसवतो असे समजू नये. "माझ्या बाबतीत धोक्याची कोणती बाब आहे?" असे सरळ विचारावे.

सभासदांनी काय करावे?

सोनोग्राफीला उपाशीपोटी जावे. खाल्ल्यावर पिशवी आकसते आणि पॉलिप नीट दिसत नाही. प्रत्येक रिपोर्ट जपून ठेवावा. वाढ झाली की नाही हे जुना आकडा हाती असल्याशिवाय कळत नाही. शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करावी, कारण एक-दोन मि.मी.चा फरक मोजण्यातही पडू शकतो.

सहा महिन्यांची तारीख पुष्कळदा ऐन गळीत हंगामात येते. टोळी फडात असते, वाहनाची वाट पाहायची असते, आणि तारीख राहून जाते. तोडीची तारीख लिहिता त्याच कॅलेंडरवर हीही लिहून ठेवा. घरातील बायामाणसांची तर आधी लिहा. पित्ताशयाचा कॅन्सर पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो, आणि दुखणे अंगावर काढण्याची सवयही त्यांनाच.

कावीळ झाली, वजन उतरले, किंवा उजव्या बरगडीखाली सतत दुखू लागले, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. हा कॅन्सर बहुधा उशिरा कळतो, आणि मग इलाज अवघड होतो.

ऑपरेशन झालेच, तर काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, हे विचारून तो रिपोर्ट घ्यावा. पॉलिप कोणत्या जातीचा होता हे पक्के तिथेच कळते. पिशवी गेल्यावर पचन बंद पडत नाही. पित्त यकृतात तयार होते व सरळ आतड्यात उतरते.

तेव्हा भिऊ नका आणि विसरूही नका. ज्यांच्या घरी असा कागद पेटीत पडून असेल, त्यांनी तो आजच काढून आकडा व तारीख पाहावी.

— ऊस विकास अधिकारी