तंजावरची प्रदक्षिणा

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारातील वास्तूंची ओळख करून देऊ शकाल;
• तंजावरच्या मराठी शिलालेखाची माहिती सांगू शकाल;
• लेखन आणि वाचन यांचा परस्परसंबंध स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

तमिळनाडूतील तंजावर हे कावेरीच्या सुपीक प्रदेशातील प्राचीन नगर आहे. चोळ सम्राट पहिला राजराज याने येथे बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर इ. स. 1010 मध्ये पूर्ण झाले. त्याचे तेरा मजली शिखर सुमारे 66 मीटर उंच आहे. 1987 मध्ये युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारशात समावेश केला. मंदिराला लागूनच शिवगंगा तलाव आहे आणि तलावाभोवती 1871-72 मध्ये नगरपालिकेने लोकांसाठी तयार केलेले उद्यान आहे. पळण्याचा व्यायाम करायचा तर तो उद्यानात करावा. मंदिराच्या प्राकारात पळायचे नसते. तेथे पादत्राणे बाहेर ठेवून, देव उजव्या हाताला राहील अशा रीतीने सावकाश चालायचे असते.

हा फरसबंद प्राकार सुमारे 240 मीटर लांब आणि 120 मीटर रुंद आहे. त्याच्या कडेने एक फेरी घातली, तर साधारणपणे 700 मीटर चालणे होते. पाच फेऱ्यांत साडेतीन किलोमीटर अंतर सहज पडते. शरीराला या चालण्याचा लाभ होतोच. परंतु डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला आणखी काही मिळते. दहा मिनिटांच्या या वाटेवर सुमारे आठशे वर्षांचा इतिहास ओळीने उभा आहे.

पूर्वेच्या महाद्वारातून आत येताच समोर एकाच पाषाणातून घडवलेला विशाल नंदी दिसतो. तो नायक राजांच्या काळातला. तेथून दक्षिणेकडे वळले, की मुख्य मंदिराच्या अधिष्ठानावर कोरलेल्या तमिळ अक्षरांच्या दाट ओळी दिसू लागतात. राजराजाने मंदिराला मिळालेल्या दानांची नोंद दगडावर करवून घेतली. तीत केवळ राजाची आणि त्याची बहीण कुंदवै हिची दानेच आहेत असे नाही. मंदिराच्या सेवेतील चारशे नर्तकींची नावे, त्यांची मूळ गावे आणि त्यांना दिलेली घरे यांचाही तीत उल्लेख आहे. अखंड तेवणाऱ्या एका दिव्याच्या तुपासाठी 96 मेंढ्या, असा तपशीलवार हिशेबही आढळतो. राजांची नावे इतिहासात राहतातच. येथे सेवकांची नावेही राहिली, ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणून.

प्राकाराच्या नैर्ऋत्य भागात मराठा काळातील गणेशमंदिर आहे. याच बाजूच्या भिंतीवर मराठी वाचकाची पावले थबकतात; कारण येथील अक्षरे त्याच्या ओळखीची आहेत. 1803 मध्ये दुसरे सरफोजीराजे यांनी भोसले घराण्याचा इतिहास येथे मराठीत, देवनागरी लिपीत कोरवून घेतला. मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेखांमध्ये त्याची गणना होते.

या लेखामागची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापन केली. सरफोजीराजे 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, तनखा आणि मानमरातब एवढेच उरले. सत्ता गेल्यानंतर चार वर्षांनी हा लेख कोरला गेला. ज्या राजाला नवा इतिहास घडवण्याची मोकळीक उरली नव्हती, त्याने घडून गेलेला इतिहास दगडाच्या स्वाधीन केला. सरस्वती महाल ग्रंथालयाचा ग्रंथसंग्रहही त्याच राजाने अपार आस्थेने वाढवला. 1855 मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी निवर्तले आणि पुढे कंपनीने तंजावर खालसा केले. तरीही भिंतीवरची अक्षरे आणि ग्रंथालयातील पोथ्या टिकून राहिल्या.

पश्चिमेची बाजू संपवून पुढे गेले, की वायव्येला नायक काळातील सुब्रह्मण्याचे नाजूक कोरीवकामाचे मंदिर लागते. उत्तरेला चोळकालीन चंडिकेश्वराचे आणि पुढे पांड्य काळातील देवीचे मंदिर आहे. चोळ, पांड्य, नायक आणि मराठे अशा चार राजवटी एकाच प्राकारात नांदतात. नंतर आलेल्यांनी आधीचे पुसले नाही. त्यात आपली भर घातली. नंदीपाशी परत आल्यावर एक फेरी पूर्ण होते.

मात्र अक्षरे दगडात कोरली, म्हणजे ती कायमची बोलतील असे नाही. तमिळनाडूत आजही घरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झाल्यामुळे त्यांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. भाषा ओठांवर आहे, पण भिंतीवरचा आपल्याच भाषेतला लेख त्यांना मुका वाटतो. उलट, ज्याने उशिरा का होईना अक्षरओळख करून घेतली, त्याच्यासाठी तीच भिंत बोलू लागते. दगड लेख जपून ठेवतो; त्याला वाचा देतो तो वाचक.

शब्दार्थ
प्राकार – मंदिराभोवतीचे तटबंदीयुक्त आवार
अधिष्ठान – मंदिराचे जोते
तनखा – ठरावीक मुदतीने मिळणारे वेतन
खालसा करणे – राज्य ताब्यात घेऊन आपल्या मुलखात सामील करणे

पाठांत प्रश्न
1. राजराजाच्या शिलालेखांत सामान्य लोकांविषयी कोणती माहिती मिळते?
2. मराठी शिलालेख कोरला गेला, तेव्हा सरफोजीराजांची स्थिती कशी होती?
3. ‘दगड लेख जपून ठेवतो, त्याला वाचा देतो तो वाचक’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
4. तुमच्या परिसरातील एखादे जुने मंदिर, किल्ला किंवा विहीर येथे जा. तेथील लेख किंवा फलक वाचा आणि दहा ओळींत माहिती लिहा.