गडचिरोलीच का, नंदुरबार का नाही?

'दारिद्र्य हेच दहशतवादाचे मूळ' हा विषय महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत अधूनमधून निघतोच. मग एक बाजू विषमतेवर बोलते, दुसरी 'ब्रेनवॉशिंग'वर, आणि टाळ्या चढ्या आवाजाला पडतात. अशी चर्चा ठेवणार असाल तर आधी विषय बांधून घ्या. ठिकाण, काळ आणि संघटना त्यात आलीच पाहिजे. 'गडचिरोलीत १९८० नंतर सशस्त्र नक्षलवाद का रुजला?' एवढा नेमका विषय घेतला की निम्मी भाषणबाजी जागच्या जागी थांबते.

मग त्याचे तीन प्रश्न करून फळ्यावर लिहा. चळवळ तिथे का रुजली? एखादा माणूस तिच्यात का गेला? गेलेला का टिकला? बहुतेक भांडणे या तिन्हींच्या सरमिसळीतून होतात. पहिल्याचे उत्तर जंगल खात्याचा जाच, तेंदूपत्त्याची मजुरी, ठेकेदार यांत शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर घरागणिक बदलते: कुठे भावाला पोलिसांनी मारल्याचा राग, कुठे गावात येणाऱ्या दलमची, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र पथकाची, गाणी आणि बंदुकीचा रुबाब, एखाद्या मुलीच्या बाबतीत मनाविरुद्धच्या लग्नातून सुटका. तिसऱ्याचे उत्तर बरेचदा भीती हेच असते. इकडे पोलीस, तिकडे 'खबरी' ठरवून जीव घेणारे जुने सोबती.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. तिला भरपूर वेळ ठेवा. मांडलेल्या प्रत्येक कारणाला विचारायचे: हेच कारण जिथे होते, पण बंदूक आली नाही, असे ठिकाण कोणते? दारिद्र्य म्हणाल तर नंदुरबार घ्या. तोही आदिवासीबहुल, डोंगराळ, कुपोषणामुळे वर्षानुवर्षे बातम्यांत राहिलेला. शहादा भागात जमीन आणि मजुरी यांवरचा अन्यायही कमी नव्हता. तिथे १९७०च्या दशकात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती पुढे आले आणि श्रमिक संघटना उभी राहिली, पुढे नर्मदेकाठच्या धरणग्रस्तांचे आंदोलन झाले. लढे झाले, दलम आले नाही. म्हणजे दारिद्र्य आणि अन्याय ही कारणे खोटी नाहीत, अपुरी आहेत. गडचिरोलीत आणखी काय होते ते आता शोधायचे. १९८० मध्ये आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्यांचा पीपल्स वॉर ग्रुप स्थापन झाला आणि त्याची पथके नदी ओलांडून आली. पाठीमागे बस्तरपर्यंत सलग जंगल. त्यात १९८२ पर्यंत वेगळा जिल्हाच नव्हता. सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरी म्हणजे थेट चंद्रपूर.

हीच चाचणी जिल्ह्याच्या आतही लावा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या जोरावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, म्हणजे बंदुकीशिवाय मार्ग निघाला. कुणीतरी लगेच उठून म्हणेल, वनहक्क कायदा २००६चा. १९८५ मध्ये जंगल खात्याचा जाच सोसणाऱ्याने कोणत्या दारात जायचे होते? दुसरा सांगेल, मेंढ्याची ग्रामसभा तर कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होती. चर्चा इथवर आली तर ती उत्तम चालली आहे असे समजा. मध्ये पडू नका.

'सगळे विचारसरणीमुळे' म्हणणाऱ्यांनाही अशीच पुराव्याची मागणी करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवणारा नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा तेलंगणातला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत मारला गेलेला मिलिंद तेलतुंबडे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागातला, कोळसा खाणीतल्या कामगार चळवळीतून पुढे गेलेला. पोथी वाचून जंगलात गेलेला नेता आणि एटापल्लीच्या एखाद्या पाड्यातून दलमबरोबर निघालेले पोर यांची कारणे एकाच खात्यात मांडू नयेत.

पुराव्याबाबत एकच पथ्य. आत्मसमर्पण केलेल्याची मुलाखत वाचताना ती कुणासमोर दिली आहे ते पाहायचे, आणि संघटनेचे पत्रक वाचताना ते कुणाला भरती करण्यासाठी काढले आहे ते.

अध्यक्षाची खुर्ची चिवट माणसाला द्या. कारण सांगणाऱ्यावर समर्थनाचा आरोप झाला की अध्यक्षाने तो तिथल्या तिथे थांबवावा. पण सवलत एकतर्फी नको. 'दुसरा मार्गच उरला नव्हता' असे वाक्य कुणी टाकले, तर ज्या आदिवासींना खबरी म्हणून मारले त्यांच्यापाशी कोणता मार्ग होता, हेही त्याच वक्त्याला विचारावे. पोलीस कारवाईत भरडल्या गेलेल्या गावांबद्दल गप्प राहणाऱ्यालाही हाच नियम.

परीक्षक असतील तर गुणपत्रिका बदला. आवेशाचा रकाना काढून टाका आणि त्या जागी 'प्रतिपक्षाचा मुद्दा त्याला पटेल असा मांडून मग खोडला का' हा रकाना घाला. दहापैकी चार गुण त्याला ठेवा आणि हे स्पर्धकांना आठवडाभर आधीच कळवा.