वर्तमानपत्रातला ‘बळी’



आमच्या वर्गाला गुरुजींनी गृहपाठ दिला, की नेहमीचा एक शब्द निवडायचा आणि पंधरा दिवस वर्तमानपत्रात तो कुठे कुठे येतो ते वहीत उतरवायचे. कोणी ‘पाणी’ घेतला, कोणी ‘हात’. मी ‘बळी’ घेतला. वाटले होते, चारदोन वेळा सापडेल. पण वहीची तीन पाने भरली.

सर्वांत जास्त सापडला तो खेळाच्या पानावर. तिथे गोलंदाज रोजच बळी घेतो. बळी म्हणजे विकेट. १९९९ साली दिल्लीच्या कसोटीत अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानच्या एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते. हे मी घरी मोठ्याने वाचले, तर आजी म्हणाली, “अगं बाई! धा माणसं? आन् कुणी धरलं न्हाई त्याला?” मग तिला सांगितले, की यात कोणी मरत नाही, खेळाडू नुसता तंबूत परत जातो.

पहिल्या पानावरचा बळी मात्र खराच गेलेला असतो. विजेचा बळी, पुराचे बळी. देवाला जे अर्पण करायचे त्याला संस्कृतात ‘बलि’ म्हणतात, राजाला द्यायच्या करालासुद्धा. इथे क्रियापद नीट बघावे लागते. वीज बळी घेते, माणूस बळी जातो. पण ‘अफवांना बळी पडू नका’ यातला माणूस जिवंतच असतो, फक्त फसतो. माझ्या चुलत्यांच्या बैलावर वीज पडली तेव्हा ‘बैल ठार’ एवढेच छापून आले होते. चुलती त्या दिवशी जेवली नव्हती.

‘बळी तो कान पिळी’ मधला बळी निराळा. तो बळ असलेला. हा कधीमधी अग्रलेखात भेटतो.

आता राहिला बळीराजा. वामनाने तीन पावले जमीन मागून ज्याला पाताळात घातले, तो पुराणातला राजा. दिवाळीचा पाडवा म्हणजे त्याचीच बलिप्रतिपदा. आजी त्या दिवशी ओवाळताना म्हणते, “इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो.” महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ पुस्तक लिहिले, त्यात बळीला रयतेचा चांगला राजा मानले आहे. याच राजाचे नाव आज वर्तमानपत्रे शेतकऱ्याला देतात. तिथे हा बळीराजा एक तर सुखावतो, नाहीतर हवालदिल होतो. तिसरे काही करताना मला तरी तो सापडला नाही.

त्या पंधरा दिवसांतच आमचे कापलेले सोयाबीन भिजले. दुसऱ्या दिवशी मथळा होता, ‘परतीच्या पावसाने बळीराजा हवालदिल’. मी पळत जाऊन आबांना वाचून दाखवला. आबा ओल्या शेंगा पसरत होते.

“राजा कोण गं यातला?”

मी म्हटले, “तुम्हीच की, आबा.”

ते हसले. म्हणाले, “बरं. आता आतलं पान काढ आन् भाव वाच.”

मी भाव वाचला. त्या रकान्यात बळीराजा कुठेच नव्हता. आवक, किमान, कमाल, एवढेच शब्द. मग मला पत्र्याच्या पेटीतली कर्जाची नोटीस आठवली. ती काढून पाहिली. तिच्यात आबांच्या नावापुढे ‘थकबाकीदार’ लिहिले आहे.

पुढच्या पंधरवड्याला हा शब्द घेऊ का, असे मी गुरुजींना विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घे.”

‘बळी’ची कात्रणे शेजारच्या पुठ्ठ्यावर लावली आहेत. कृपया हात लावू नये, खळ अजून ओली आहे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी